कॅनोलाच्या शेतावरची नजर

कॅनोला हे मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक. रेपसीडच्या तेलातले इरुसिक आम्ल आणि पेंडीतली उग्र ग्लुकोसिनोलेट द्रव्ये कमी करून कॅनडातल्या पैदासकारांनी ते घडवले. मॅनिटोबा विद्यापीठातले बाल्डर स्टेफन्सन आणि सास्काटूनचे कीथ डाउनी ही या कामातली दोन मोठी नावे. दोन्ही द्रव्ये कमी असलेले पहिले वाण, ‘टॉवर’, 1974 मध्ये आले. आज सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांच्या प्रेअरी मैदानात सुमारे दोन कोटी एकरांवर कॅनोला उभा राहतो. त्यातले निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या सस्कॅचेवानात आहे. मे महिन्यात पेरणी, जूनअखेरपासून जुलैत पिवळाधमक फुलोरा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, असा हा थोड्या दिवसांचा हंगाम. माणसासाठी बी सौम्य झाले, तरी पानांतला मोहरीचा मूळ उग्रपणा राहिलाच. त्याच वासावर मोहरीकुळावर जगणारे किडे शेत शोधत येतात.

पहिला हल्ला कोंब जमिनीबाहेर डोकावताच होतो. महाराष्ट्रातले द्राक्षबागाईतदार ज्या उडद्या भुंगेऱ्याला ओळखतात, त्याच्याच कुळातले दोन इवलेसे भुंगेरे इथे मुख्य शत्रू आहेत. एक निळसर काळा, दुसऱ्याच्या पाठीवर दोन नागमोडी पिवळे पट्टे. हात जवळ नेला की टुणकन उडी मारून दिसेनासे होतात. हिवाळा ते झाडांच्या रांगांखालच्या पाचोळ्यात काढतात आणि जमीन तापू लागली की बाहेर पडतात. पट्टेवाला थोडा आधी येतो. उन्हाच्या, शांत हवेच्या दिवशी ते कोवळ्या बीजपत्रांना बारीक बारीक छिद्रे पाडत सुटतात. वारा सुटला की मात्र पानावरून उतरून देठ कुरतडतात. ही खूण चटकन नजरेत भरत नाही, पण देठ तुटला की रोप संपलेच. पिकाला चार खरी पाने फुटेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. त्यानंतर वाढीचा वेग भुंगेऱ्यांच्या भुकेला मागे टाकतो.

जवळजवळ सगळे कॅनोला बियाणे कीटकनाशकाची बीजप्रक्रिया करूनच विकले जाते. बहुतेक वेळा ते निओनिकोटिनॉइड गटातले असते. हे संरक्षण तीन ते चार आठवडे टिकते, आणि हे आठवडे मोजायचे ते पेरणीपासून, उगवणीपासून नव्हे. थंड जमिनीत बी दोन आठवडे पडून राहिले, तर निम्मे कवच मातीतच संपते. शिवाय औषध भुंगेऱ्याच्या पोटात जायला त्याने पान खावेच लागते, म्हणून थोडे नुकसान गृहीत धरावे लागते. पट्टेवाल्या जातीवर यांतल्या काही औषधांचा परिणाम कमी होतो, हेही संशोधकांना दिसले आहे.

युरोपीय संघाने मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे 2013 मध्ये फुलोऱ्याच्या पिकांवर प्रमुख निओनिकोटिनॉइड औषधांना बंधने घातली आणि 2018 मध्ये त्यांचा मोकळ्या शेतातला वापर थांबवला. ब्रिटनमध्ये 2012 च्या सुमारास साडेसात लाख हेक्टरांवर असलेले रेपसीड त्यानंतरच्या दशकात निम्म्याहून खाली आले, आणि तिथल्या उडद्या भुंगेऱ्याचा त्यात मोठा वाटा होता. मधमाश्यांची काळजी खरी आहे आणि उगवत्या पिकाचीही. या दोन्ही काळज्या सांभाळणारा रस्ता शेतात फिरून मोजण्यातूनच जातो.

मोजणीचा निकष ठरलेला आहे. शेताच्या कडेला आणि आत, निरनिराळ्या ठिकाणी रोपे पाहायची आणि सरासरी किती पान खाल्ले गेले याचा अंदाज घ्यायचा. पंचवीस टक्के पान गेले आणि भुंगेरे अजून खात असतील, तर फवारणीचा विचार करायचा. पन्नास टक्क्यांवर प्रत्यक्ष उत्पन्न घटू लागते. मधले अंतर हा तयारीचा वेळ. छिद्रांनी भरलेले पान पाहिले की डोळा नुकसान वाढवून सांगतो. म्हणून सल्लागार टक्केवारीनुसार खाल्लेल्या पानांची चित्रे जवळ ठेवतात. चित्राशी रोप ताडून पाहिले की पुष्कळदा फवारा घरीच राहतो.

दुसरा पाहुणा वाऱ्यावरून येतो. चौकोनी ठिपक्यांचा पतंग प्रेअरीचा कडक हिवाळा सहसा सोसू शकत नाही. दर वसंतात तो अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणि मेक्सिकोकडून उंचावरच्या वाऱ्यांबरोबर उत्तरेला वाहत येतो. म्हणून ‘प्रेअरी पेस्ट मॉनिटरिंग नेटवर्क’ एप्रिलपासून हवेचे मार्ग तपासते: दक्षिणेतून निघालेली हवा कोणत्या दिवशी कुठल्या गावावर पोहोचली, हे पाहून कामगंध सापळ्यांतल्या पतंगांशी ताळा जुळवते. लवकर आणि मोठ्या संख्येने आलेले पतंग त्याच उन्हाळ्यात तीन-चार पिढ्या उरकू शकतात, तेव्हा आगमनाच्या तारखेला फार महत्त्व.

याची अळी ओळखणे सोपे. हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. काडीने डिवचली की वळवळत मागे सरकते आणि रेशमी धाग्याने पानाखाली लोंबकळते. मोजताना झाडे उपटून कापडावर झटकतात आणि गळून पडलेल्या अळ्या मोजतात. फुलोऱ्यापर्यंत चौरस मीटरला 100 ते 150 आणि शेंगा धरल्यावर 200 ते 300 अळ्या झाल्या तरच फवारणी परवडते. जोराचा पाऊस बारीक अळ्या धुऊन नेतो. परजीवी गांधीलमाश्याही त्या मोठ्या संख्येने मारतात, आणि अवेळी फवारणी याच मित्रांना आधी संपवते. या पतंगाचा इतिहास तर औषधांना न जुमानण्याचाच आहे. बीटी जिवाणूविरुद्ध मोकळ्या शेतात प्रतिकारशक्ती मिळवणारा तो पहिला कीटक. हाच किडा महाराष्ट्रात कोबी आणि फ्लॉवरची पाने चाळणीसारखी करतो. कोबीच्या ओळींमध्ये त्याला भुलवणारे सापळा पीक म्हणून मोहरी लावायची शिफारस इथल्या शेतकऱ्यांना परिचित आहे.

बर्था नावाची लष्करी अळी मात्र तिथलीच. तिचे कोष मातीत हिवाळा काढतात आणि दर काही वर्षांनी तिचा उद्रेक होतो. जून-जुलैत कामगंध सापळ्यांत अडकलेल्या नर पतंगांची बेरीज 300 च्या आत राहिली तर धोका कमी, 900 पलीकडे गेली तर शेतात उतरलेच पाहिजे. सापळा इशारा देतो, अळी कुठल्या शेतात निघेल हे सांगत नाही. दिवसा ती झाडाखालच्या कचऱ्यात दडते, म्हणून माती आणि पालापाचोळाही तपासावा लागतो. तिच्यासाठी आर्थिक नुकसानीची पातळी पाठ करून चालत नाही, हिशेबाने काढावी लागते. चौरस मीटरला एक अळी म्हणजे एकरी सुमारे 0.058 बुशेल (तिथले धान्याचे माप) तूट. फवारणीचा एकरी खर्च एका बुशेलच्या भावाइतका असेल, तर सुमारे 17 अळ्यांवर खर्च आणि नुकसान सारखे होते. भाव पडला की हा आकडा वर जातो. पिकाचा बाजारभाव कीड सोसण्याची मर्यादा ठरवतो, हे यातून स्वच्छ दिसते.

शेंगा पोखरणारा सोंडा अल्बर्टाच्या दक्षिण भागात 1995 मध्ये आढळला. फुलोरा सुरू होताना कीटकजाळीच्या दहा फेऱ्यांत 25 ते 40 सोंडे मिळाले तर फवारणी करतात, तीही मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. शेंगांतला रस शोषणारे लायगस ढेकूणही याच जाळीने मोजले जातात.

किडीचा आकडा एकटा कधी पुरेसा नसतो. तो पिकाच्या स्थितीबरोबर वाचावा लागतो. पुरेशा ओलीतले, दाट उगवलेले पीक फांद्या फोडून नुकसान भरून काढते. सुकलेल्या शेतात तेवढेच भुंगेरे दुबार पेरणीची वेळ आणतात. यासाठी सस्कॅचेवानचे कृषी खाते वसंतापासून कापणीपर्यंत दर आठवड्याला पीक अहवाल काढते. गावोगावचे स्वयंसेवक वार्ताहर, त्यात बरेचसे शेतकरीच, पाऊस किती झाला, वरच्या थरातली ओल जादा, पुरेशी, कमी की अत्यंत कमी, पेरणी किती टक्के झाली, पीक वेळेवर आहे की मागे, कोणती कीड दिसते, हे कळवतात. वरून उपग्रह पिकाचा हिरवेपणा टिपतात. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने 2016 मध्ये सप्टेंबरची शेतकरी पाहणी बंद करून उपग्रहमाहिती आणि हवामान यांवर आधारलेला उत्पादनअंदाज स्वीकारला.

या यंत्रणेची कसोटी 2021 मध्ये लागली. जूनअखेर-जुलैतल्या विक्रमी उष्म्यात फुले गळाली, कारण तापमान तिशीपलीकडे गेले की कॅनोलाचे फूल शेंग धरत नाही. त्यातच जमिनीत ओल नव्हती आणि नाकतोड्यांना कोरडे हवामान मानवले. देशाचे कॅनोला उत्पादन आदल्या वर्षापेक्षा चतुर्थांशाहून अधिक घटले. साप्ताहिक अहवालांत ओलीचे आकडे कितीतरी आधीपासून घसरत होते. त्या उन्हाळ्यात पाऊस आणणे कुणाच्या हाती नव्हते, पण करपत्या पिकावर फवारणीचा खर्च घालायचा की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत होते.

महाराष्ट्रातही 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यावर राज्याने 2009-10 पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीडरोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या गावांत नियमित निरीक्षणे घेऊन पातळी ओलांडली तरच सल्ला द्यायचा, हे त्याचेही सूत्र आहे. हजारो एकर एकाच घराकडे असलेली प्रेअरी आणि दोन-चार एकरांचा विदर्भ-मराठवाडा यांत फार अंतर आहे. लहान शेतकऱ्याला मात्र एक सोय आहे: त्याचे सगळे शेत एका सकाळी पायी पाहून होते.

प्रेअरीवर कापणीच्या दिवसांतही मोजणी थांबत नाही. ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या गवतातले प्रौढ नाकतोडे मोजले जातात, सापळ्यांच्या बेरजा नकाशावर मांडल्या जातात. पुढच्या हंगामाच्या धोक्याचे हे नकाशे हिवाळ्यात, पेरणीच्या पुष्कळ आधी शेतकऱ्यांच्या हाती पडतात.