जुने फोटो आणि स्कॅनरची निवड

आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, मध्यभागी बाक आलेला. मी तो एका सडपातळ स्कॅनरवर ठेवला. पदराचा काठ स्पष्ट उमटला, चेहरा मात्र धूसर. यंत्र नवे होते; मग चूक कोठे झाली?

फ्लॅटबेड स्कॅनर मुख्यतः दोन जातींचे. सीआयएस जातीत संवेदकांची पट्टी काचेला अगदी लगटून फिरते. यंत्र हलके व स्वस्त. पण फोटो काचेपासून जरा उचलला गेला, की प्रतिमा अस्पष्ट होते. सीसीडी जातीत प्रकाश आरसे व भिंग यांतून संवेदकापर्यंत जातो. यंत्र जाडजूड व महाग. परंतु काचेपासून थोडा वर असलेला भागही ते रेखीव टिपते. बाकलेला फोटो दाबून सपाट करू जाल, तर त्याला चिरा पडतील. म्हणून अशा फोटोंसाठी सीसीडीच घ्यावा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. ‘ऑप्टिकल’ डीपीआय तेवढा खरा. त्यापुढचे बिंदू यंत्र अंदाजाने भरते. साधारण फोटोला ६०० डीपीआय पुरे. ४ × ६ इंची फोटोचे त्यात २४०० × ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार बिंदू होतात. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. जेपेगमध्ये फेरफार करून पुन्हा पुन्हा साठवल्यास बारकावे झिजतात.

अखेर एका मित्राच्या सीसीडी यंत्रावर तोच फोटो ठेवला. पडद्यावर मोठा करताच आजीच्या कपाळावरचे गोंदण दिसले. इतकी वर्षे फोटो भिंतीवर होता. ते आम्हांपैकी कोणीच पाहिले नव्हते.