रंगांचा संगमरवर

प्राचीन ग्रीस देशात झ्यूक्सिस आणि पॅरेशियस नावाचे दोन नामांकित चित्रकार होऊन गेले. प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराने त्यांची एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे. दोघांत श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यासाठी एकदा त्यांची स्पर्धा लागली. झ्यूक्सिसने द्राक्षांचे चित्र काढले. ते इतके हुबेहूब साधले होते की, पाखरे उडत आली आणि त्या द्राक्षांवर चोची मारू लागली. ह्या यशाने फुलून गेलेल्या झ्यूक्सिसने आपल्या प्रतिस्पर्ध्यास त्याच्या चित्रावरील पडदा दूर करण्यास सांगितले. परंतु पडदा दूर होईना. कारण पडदा हेच पॅरेशियसचे चित्र होते! झ्यूक्सिसने मोकळ्या मनाने हार पत्करली. त्याने पाखरांस फसविले होते. पॅरेशियसने तर प्रत्यक्ष एका चित्रकारास फसविले होते.

एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचा भास निर्माण करण्याची ही आवड केवळ चित्रकारांपुरती मर्यादित राहिली नाही. घरे रंगविणाऱ्या कारागिरांनीही ती उचलली. साध्या गिलाव्याच्या भिंतीस संगमरवराचे रूप द्यावे, स्वस्त लाकडाच्या दारास मौल्यवान लाकडाची कांती आणावी, असे कसब त्यांनी पिढ्यानपिढ्या जोपासले. ह्या कसबास आपण आभासी रंगकाम म्हणू.

असे रंगकाम करण्याची गरज माणसास का भासली असावी? संगमरवर हा अतिशय जड दगड आहे. तो खाणीतून काढावा लागतो, कापावा लागतो, घासून गुळगुळीत करावा लागतो आणि बहुधा दूरवरून वाहून आणावा लागतो. अर्थातच तो महाग पडतो. उत्तम लाकडाचीही हीच गोष्ट. ज्याची ऐपत नाही, पण ज्यास सौंदर्याची हौस आहे, असा मनुष्य मग रंगाऱ्याकडे वळतो.

इटलीतील पाँपेई ह्या नगरीत ह्याचा फार जुना पुरावा सापडतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ही नगरी राखेखाली गाडली गेली. पुढे अनेक शतकांनी उत्खनन झाले, तेव्हा तेथील घरांच्या भिंती पुन्हा उजेडात आल्या. त्यांपैकी काही भिंतींवरील काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहे. ह्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्याला दगडी चिऱ्यांसारखा उठाव दिलेला असून, प्रत्येक चिरा निरनिराळ्या रंगांच्या संगमरवराप्रमाणे रंगविलेला आहे. पाहणाऱ्यास वाटावे की, देशोदेशीचे दगड आणून ही भिंत रचली आहे. वास्तविक ती आहे केवळ चुन्याची आणि रंगाची.

अठरा शतकांनंतरही माणसाची ही हौस कमी झाली नव्हती. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांचे घर पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन येथे आहे. दुरून पाहता ते दगडी चिऱ्यांचे वाटते. जवळ गेल्यावर कळते की, ते लाकडी आहे. पाइनच्या फळ्यांच्या कडा तिरप्या कापून त्यांस चिऱ्यांचा आकार दिलेला आहे, आणि वर लावलेला रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारलेली आहे. त्यामुळे फळीस दगडाचा खरखरीतपणा आला. वाळू मारण्याचे दोन हेतू असतात, काम टिकाऊ व्हावे आणि ते दगडासारखे दिसावे, असे वॉशिंग्टन ह्यांनी १७९९ मध्ये एका पत्रात लिहिले आहे. म्हणजे हा केवळ देखावा नव्हता. ऊनपावसापासून लाकडाचे रक्षण करण्याचाही तो उपाय होता. ह्याच घराच्या मधल्या दालनातील साध्या लाकडाच्या तक्तपोशीवर १७९७ मध्ये महोगनी ह्या मूल्यवान लाकडाच्या रूपाचे रंगकाम करण्यात आले.

हे काम करतात तरी कसे? प्रथम संगमरवराचे पाहू. ज्या पृष्ठभागावर काम करावयाचे, त्याच्या खाचा लुकणाने बुजवून तो काचकागदाने घासून अगदी सपाट करतात. खरा संगमरवर गुळगुळीत असतो. तेव्हा खाली खड्डे राहिले, तर सारा भास तेथेच मोडतो. त्यावर पांढऱ्या किंवा फिकट रंगाचे हात देतात. हा तळाचा रंग वाळला की, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन मिसळून पातळ केलेल्या रंगाचा अर्धपारदर्शक थर देतात. तो ओला असतानाच बारीक कुंचल्याने, किंवा पक्ष्याच्या पिसाच्या टोकाने, करड्या रंगाच्या शिरा काढतात. पिसाने काढलेली रेघ कोठे जाड, कोठे बारीक, कोठे तुटक अशी उमटते आणि म्हणूनच ती स्वाभाविक दिसते. ह्यानंतर बॅजर नावाच्या प्राण्याच्या अत्यंत मऊ केसांचा रुंद कुंचला त्या ओल्या शिरांवरून हलकेच फिरवितात. त्यामुळे शिरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि त्या दगडाच्या आत खोलवर असल्याचा भास होतो. सारे वाळल्यावर रोगणाचा हात दिला की दगडाची झळाळी येते.

लाकडाचे रूप आणावयाचे असल्यास तळाचा रंग पिवळसर किंवा तांबूस देतात आणि त्यावर तपकिरी रंगाचा पातळ थर चढवितात. हा वरचा थर ओला असताना त्यावरून पोलादाच्या किंवा चामड्याच्या फण्या ओढतात. फणीच्या दातांनी वरचा रंग निघून खालचा रंग रेघारेघांनी दिसू लागतो. लांब केसांच्या कुंचल्याने ओल्या रंगावर हलके फटके मारले, म्हणजे लाकडाच्या पृष्ठभागावर असतात तशी बारीक छिद्रे उमटतात. ओक वृक्षाचे लाकूड एका विशिष्ट रीतीने कापले असता त्यावर चकचकीत पट्टे दिसतात. ते दाखविण्यासाठी कारागीर अंगठ्यावर फडके घट्ट गुंडाळतो आणि तेवढ्याच जागचा ओला रंग नेमका टिपून घेतो. इंग्लंडातील कारागीर काही कामांत रंग कालविण्यासाठी तेलाऐवजी शिरका किंवा शिळी बिअरदेखील वापरीत. कारण असा रंग लवकर वाळतो आणि त्यावर पुढचा थर लगेच देता येतो.

ही साधने पाहिली, तर त्यांत दुर्मिळ असे काहीच नाही. पीस, फणी, फडके ही तर घरोघरी आढळणारी साधने आहेत. मग हे काम कोणासही साधावे. परंतु तसे होत नाही. नवशिका मनुष्य संगमरवर रंगवू लागला की, तो कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा ओढीत सुटतो. त्याचे काम पाहणाऱ्यास चटकन खोटे वाटते, मग त्याचे कारण पाहणाऱ्यास सांगता येवो अथवा न येवो.

ते कारण दगडाच्या जन्मात दडलेले आहे. चुनखडीचा दगड भूगर्भातील प्रचंड उष्णतेने व दाबाने पालटतो आणि त्याचा संगमरवर बनतो. मूळच्या चुनखडीत मिसळलेली माती, लोहाचे क्षार इत्यादी द्रव्ये त्यात रंगीत पट्ट्यांच्या व शिरांच्या रूपाने राहतात. दगडाला भेगा पडून त्यांत इतर खनिजे साचली, तरीही शिरा तयार होतात. त्यामुळे ह्या शिरांस एक दिशा असते. मोठ्या शिरेपासून लहान शिरा फुटतात आणि त्यांपैकी काही मध्येच विरून जातात. लाकडाचेही तसेच आहे. अनेक झाडांचे खोड दर वर्षी एका वलयाने वाढते. ते खोड उभे कापले म्हणजे ती वलये फळीवर लांब रेषांच्या रूपाने दिसतात. आणि जेथे फांदी फुटलेली असते, तेथे गाठ पडून रेषा तिला वळसा घालून पुढे जातात. हे ज्यास ठाऊक नाही, तो गाठ काढील, पण रेषा मात्र तिच्यामधून सरळ ओढील! म्हणून चांगला कारागीर हातात कुंचला घेण्यापूर्वी दिवसच्या दिवस खरा दगड आणि खरे लाकूड न्याहाळीत बसतो. नक्कल करण्यासाठी आधी अस्सल वस्तूचे ज्ञान असावे लागते.

ह्या ज्ञानाच्या बळावर कीर्ती मिळविलेल्या कारागिरांत टॉमस केर्शॉ ह्या इंग्रज रंगाऱ्याचे नाव अग्रगण्य आहे. त्याचा जन्म १८१९ मध्ये झाला. लहान वयातच त्याने इंग्लंडातील बोल्टन शहरी उमेदवारी करून रंगकामाचे धडे घेतले. पुढे लंडन येथे १८५१ मध्ये आणि पॅरिस येथे १८५५ मध्ये मोठी आंतरराष्ट्रीय प्रदर्शने भरली, तेव्हा त्याने रंगविलेल्या तक्त्यांस दोन्ही ठिकाणी पदके मिळाली. ते तक्ते खऱ्या लाकडाचे व दगडाचे नसून रंगविलेले आहेत, ह्यावर काही लोकांचा विश्वासच बसेना. तेव्हा त्याने सर्वांसमक्ष काम करून दाखविले, असे सांगतात. त्याचे काही तक्ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन करून ठेवलेले आहेत.

योगायोग असा की, ज्या १८१९ साली केर्शॉ जन्मला, त्याच साली ह्या कलेचा कडवा टीकाकारही जन्मास आला. तो म्हणजे विख्यात लेखक जॉन रस्किन. ह्याच रस्किनच्या 'अनटू धिस लास्ट' ह्या पुस्तकाने पुढे १९०४ मध्ये महात्मा गांधींच्या जीवनास नवे वळण दिले. वास्तुकलेवरील 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' हा रस्किनचा ग्रंथ १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतीनेही सत्य बोलले पाहिजे, असे त्याचे त्यात प्रतिपादन आहे. लाकडावर संगमरवराचा रंग चढविणे ही त्याच्या मते एक प्रकारची फसवणूक होय. जी वस्तू जशी आहे, तशीच ती दिसावी. तिने दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, असा त्याचा आग्रह होता.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एखाद्या व्यापाऱ्याने पाइनचे रंगविलेले कपाट महोगनीचे म्हणून विकले आणि महोगनीचे मोल घेतले, तर ती निखळ लबाडी होय. तेथे कारागिराचे कौशल्यच गिऱ्हाइकाच्या गळ्याचा फास बनते. परंतु केर्शॉचे उदाहरण पाहा. माझे तक्ते खऱ्या संगमरवराचे आहेत, असे त्याने कधी भासविले नाही. उलट, ते रंगविलेले आहेत हे जगास पटविण्यातच त्याची धडपड होती. तो तक्ता संगमरवराचा असता, तर त्याचे कोणी एवढे कौतुक केले नसते. तो संगमरवर नाही, म्हणूनच संग्रहालयाने तो जपला.

महाराष्ट्रातील रंगभूमीनेही हाच अनुभव दिला आहे. संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगमंचामागे राजवाडे, उपवने आणि रस्ते रंगविलेले भव्य पडदे सोडीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रपटाच्या क्षेत्रात येण्यापूर्वी असे पडदे रंगविण्याबद्दल प्रसिद्ध होते. समोरचे महालाचे खांब कापडावर रंगविलेले आहेत, हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असे. तरीही ते पाहून तो हरखून जाई. जेथे दाखविणारा काही लपवीत नाही आणि पाहणारा जाणूनबुजून त्या भासात रमतो, तेथे फसवणूक कोठे उरते? तेव्हा दोष नक्कल करण्यात नाही. नक्कल ही अस्सल म्हणून खपविण्यात तो आहे.

आजकाल कुंचल्याचे हे काम फार थोडे कारागीर करतात. घरातील मेजे, कपाटे आणि दारे ह्यांवर लाकडासारखा दिसणारा सनमायका सर्रास लावलेला आढळतो. त्यावरील रेषा कोणा रंगाऱ्याने काढलेल्या नसतात. त्या यंत्राने कागदावर छापलेल्या असतात आणि तो कागद राळेत भिजवून, दाबून कठीण केलेला असतो. अस्सल लाकूड आणि छापील लाकूड ह्यांतील फरक ओळखणे अवघड नाही. छापील नक्षी काही अंतराने पुन्हा जशीच्या तशी येते. एक गाठ दिसली की, तिची जुळी बहीण शेजारी कोठेतरी सापडते. खऱ्या वृक्षात मात्र दोन गाठी कधीही तंतोतंत सारख्या नसतात. शिवाय खऱ्या फळीवरील रेषा कडेवरून वळून आडव्या छेदातही दिसतात. छापील रेषा कडेपाशीच संपतात.

वर्गातील बाक, घरातील दार किंवा देवळातील खांब ह्यांच्याकडे अशा दृष्टीने पाहू लागले, म्हणजे रोजच्याच वस्तू नव्याने दिसू लागतात. वस्तू वरवर दिसते तशीच आहे का, ती कशाची बनली आहे, तिच्यावरील रेषा अशाच का धावतात, असे प्रश्न मनात उभे राहतात. आभासी रंगकाम करणाऱ्या जुन्या कारागिरांनी हेच प्रश्न स्वतःला विचारले होते. त्यांची उत्तरे शोधताना त्यांनी दगड आणि लाकूड इतके बारकाईने पाहिले की, अखेर ते त्यांच्या हातांतून उतरू लागले.