पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा?

निधीच्या टंचाईपायी संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक-चतुर्थांशाने कमी करण्याचे २०२५ मध्ये ठरविले. माणसे कमी झाली म्हणजे पूर्वानुभवाचे मोल वाढते. तो अनुभव जतन करण्याची आणि परस्परांत वाटून घेण्याची व्यवस्था कितपत समाधानकारक आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या दृष्टीने पश्चिम आफ्रिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. सिएरा लिओनमधील यादवीत नायजेरियाच्या पुढाकाराने शेजारी राष्ट्रांची सेना लढत होती. हा खर्च नायजेरियाला पेलवेना, तेव्हा ऑक्टोबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सेना तेथे गेली. प्रारंभी तिला मंजुरी होती अवघ्या सहा हजार सैनिकांची. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहुन येथे वेढ्यात सापडलेल्या भारतीय जवानांची सुटका जुलैमधील 'ऑपरेशन खुकरी'ने झाली. तथापि सेनेचे भारतीय प्रमुख आणि नायजेरियन अधिकारी यांच्यातील बेबनाव चव्हाट्यावर आला आणि अखेर भारताने आपले पथक माघारी बोलाविले. दोष कोणाचा, हा वाद येथे गौण आहे. शेजाऱ्यांची सेना जाऊन जागतिक सेना येताना उद्दिष्ट, अधिकार आणि साधने यांविषयी पुरेसे एकमत झालेले नव्हते, हे त्यामागचे खरे दुखणे होय.

समाधानाची गोष्ट ही की, हा धडा वाया गेला नाही. लायबेरियात ऑगस्ट २००३ मध्ये प्रथम पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचे सुमारे साडेतीन हजार सैनिक उतरले आणि १ ऑक्टोबरला तेच संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेत सामील झाले. पंधरा हजारांपर्यंत सैनिकांची मंजुरी आरंभीच देण्यात आली. पुढे सिएरा लिओनमधील सेना २००५ च्या अखेरीस परतली, तेव्हा तेथील विशेष न्यायालयाच्या संरक्षणाचे काम लायबेरियातील सेनेच्याच एका तुकडीने सांभाळले. एका मोहिमेने दुसरीला हात दिला तो असा.

अर्थात शेजारी नेहमीच निःस्वार्थी असतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सिएरा लिओनच्या बंडखोरांना साहाय्य केल्याबद्दल लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांनाच २०१२ मध्ये दोषी ठरविण्यात आले. प्रादेशिक सहकार्याला जागतिक देखरेखीची जोड हवी ती यासाठीच.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत शांतता ही सार्वजनिक वस्तू होय. तिचा लाभ सर्वांना मिळतो. म्हणूनच तिची किंमत दुसऱ्याने भरावी, असे प्रत्येकाला वाटते. २०२४-२५ साठी शांतिसेनांचा खर्च सुमारे ५६० कोटी डॉलर धरला होता. जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये सुमारे २,७०,००० कोटी डॉलर होता. म्हणजे शस्त्रांवरील दर पाचशे डॉलरमागे शांतिरक्षणाच्या वाट्याला जेमतेम एक! शिवाय पैसा मुख्यतः श्रीमंत राष्ट्रांचा आणि रक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा यांसारख्या देशांचे, ही विषम वाटणी आहेच. आफ्रिकी संघाच्या मोहिमांना ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रसंघाच्या वर्गणीतून देता येईल, असा ठराव सुरक्षा समितीने डिसेंबर २०२३ मध्ये केला. तो कागदावरच राहता कामा नये.

भारताने दोन गोष्टींचा आग्रह धरावा. सैनिक पाठविणाऱ्या राष्ट्रांशी विचारविनिमय झाल्याखेरीज मोहिमेचे उद्दिष्ट ठरवू नये, ही पहिली. दुसरी आपल्याच हातातील आहे. दिल्लीत २००० पासून शांतिरक्षणाच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. परतलेल्या प्रत्येक पथकाचा अनुभव, अपयशासह, तेथे नोंदला जावा आणि नेपाळ, बांगलादेश यांच्यासह अभ्यासला जावा. दीडशेहून अधिक भारतीय जवानांनी या कार्यात प्राण वेचले आहेत. एकाच चुकीची किंमत त्यांच्या वारसांना पुन्हा मोजावी लागू नये, एवढी दक्षता तरी आपण घ्यावयास हवी.