थांबलेपणाच्या नाना परी

थांबणे ही क्रिया दिसावयास एकच. परंतु जे थांबले ते कशामुळे थांबले आणि पुन्हा चालू लागेल की नाही, हे सांगावयाचे म्हटले म्हणजे एका शब्दाने भागत नाही. आम्हां गोमंतकीयांच्या कोंकणीत ‘रावप’ हे एकच क्रियापद वाट पाहणे, थांबणे आणि वस्ती करून राहणे अशा तिन्ही अर्थी चालते. मराठीत काम खोळंबते, खटला रेंगाळतो, पाणी साचते, बुद्धी कुंठित होते. इंग्रजीतही अशा शब्दांचा भरणा मोठा आहे. शब्दकोशात त्यांच्यापुढे ‘निष्क्रिय’, ‘गतिहीन’ असे जवळजवळ सारखेच अर्थ दिलेले आढळतात, आणि मग निबंधात एकाच्या जागी दुसरा शब्द सहज जाऊन बसतो. म्हणून त्यांतील काहींची ओळख करून घेऊ.

‘स्टॅग्नंट’ हा शब्द लॅटिनमधील ‘स्टॅग्नम’ या नामापासून आला. त्याचा अर्थ तळे, साचलेले पाणी. पाण्याला वाहावयास वाट नसली म्हणजे त्यावर शेवाळ धरते व दुर्गंधी सुटते. तेव्हा या शब्दात नुसते थांबणे नाही, थांबून बिघडणेही आहे. व्यापाराला किंवा विचाराला तो लावला तरी ही छटा कायम राहते. १९६५ साली ब्रिटिश पार्लमेंटात इयन मॅक्लाउड यांनी याच धातूला ‘इन्फ्लेशन’ची जोड देऊन ‘स्टॅगफ्लेशन’ हा शब्द वापरला. धंदा थंडावलेला आणि भाव मात्र चढते, अशी ती दुहेरी आपत्ती होय.

‘डॉर्मंट’ची गोष्ट निराळी. त्याचे मूळ झोपणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. वसतिगृहातील ‘डॉर्मिटरी’ ही त्याचीच बहीण. जे झोपले ते जागे होऊ शकते. अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी सुमारे दीड शतक शांत होता. १९९१ साली तो पुन्हा धगधगू लागला. पेरणीपूर्वीचे बी असेच ‘डॉर्मंट’ असते. त्याला मृत म्हणणे चूक ठरेल.

‘आयडल’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘रिकामा’ असा होता. काम नसलेले यंत्र ‘आयडल’ असते व काम टाळणारा मनुष्यही ‘आयडल’ असतो. यंत्राच्या बाबतीत त्यात दोष नाही, माणसाच्या बाबतीत बहुधा असतो. ‘इनर्ट’ म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने ज्याच्या अंगी कसब नाही तो. पुढे तो ‘स्वतः होऊन काही न करणारा’ या अर्थी रूढ झाला. हेलियम, निऑन, झेनॉन या वायूंना रसायनशास्त्रज्ञ ‘इनर्ट’ म्हणत; पण १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करून दाखविले आणि ते विशेषण अपुरे ठरले. आज त्या वायूंना ‘नोबल’ म्हणतात.

काही शब्द खेळाशी व प्रवासाशी निगडित आहेत. ‘स्टेलमेट’ हा बुद्धिबळातला. राजाला शह नाही, परंतु ज्याची पाळी आहे त्याला नियमाप्रमाणे एकही खेळी करता येत नाही, अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. शब्दात ‘मेट’ असले तरी ती मात नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ‘डेडलॉक’मध्ये दोन्ही पक्ष आपापल्या हट्टावर अडून बसतात, कोणी एक पाऊल मागे घेतल्याशिवाय तो सुटत नाही. ‘डोल्ड्रम्स’ हा विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा. दोन्ही गोलार्धांतून आलेले वारे तेथे एकत्र येतात, तापलेली हवा वर चढते आणि पृष्ठभागावर वारा पडतो. शिडाची जहाजे तेथे दिवसेंदिवस अडकून पडत. नाखवा कुशल, शिडे उभारलेली, तरी जहाज जागचे हलत नसे. खिन्न, निरुत्साही मनःस्थितीलाही आज हाच शब्द लावतात.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. एखादा मुलगा वर्षभर मागे पडतो. त्याला आपण ‘आयडल’ म्हटले तर दोष त्याचा ठरतो आणि उपाय म्हणजे शिक्षा. ‘डॉर्मंट’ म्हटले तर त्याला योग्य ऋतूची वाट आहे असे मानावे लागते. तो ‘डोल्ड्रम्स’मध्ये असेल, तर कमी आहे ती वाऱ्याची: घरी दिव्याची, पुस्तकाची किंवा दोन प्रेमाच्या शब्दांची. नाव चुकले की उपायही चुकतो. म्हणून कोणावर, अथवा स्वतःवरही, असे विशेषण लावण्यापूर्वी विचारावे : येथे वाट बंद आहे, झोप लागली आहे, की वारा पडला आहे? उत्तर नीट मिळाले म्हणजे नेमका शब्द सापडतो, आणि काय केले पाहिजे तेही उमजते.