रैखिक बीजगणिताचे अध्यापन

रैखिक बीजगणिताचे अध्यापन : सदिश अवकाश, आव्यूह व रैखिक रूपांतरणे यांचा विचार करणाऱ्या गणितशाखेचे पदवी पातळीवरील अध्यापन. विद्यार्थी आरंभी एकघाती समीकरणे सहज सोडवितो. परंतु सदिश अवकाशाची व्याख्या पुढे येताच त्याचा गोंधळ उडतो. आकडेमोड आणि तिचा अर्थ यांतील हे अंतर कमी करणे हा या अध्यापनातील मुख्य प्रश्न होय.

ही अडचण स्वाभाविक आहे. जूझेप्पे पेआनो यांनी सदिश अवकाशाची गृहीतके १८८८ मध्ये मांडली. निर्धारक व आव्यूह त्यापूर्वीच वापरात होते. अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे १९९० मध्ये भरलेल्या कार्यसत्रातून निघालेल्या शिफारशी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिला अभ्यासक्रम आव्यूहप्रधान असावा, विषयाचा उपयोग करणाऱ्या अन्य शाखांच्या गरजा लक्षात घ्याव्यात व संगणकाचे साहाय्य घ्यावे, असे त्यांत सुचविले होते.

एकच उदाहरण दोन दृष्टींनी पाहणे ही एक परिणामकारक रीत आहे. क्ष + २य = ५ व ३क्ष + य = ५ ही समीकरणे घेतल्यास प्रत्येक समीकरण एक रेषा दर्शविते आणि त्या रेषा (१, २) या बिंदूत छेदतात. स्तंभांच्या दृष्टीने पाहिल्यास (१, ३) व (२, १) हे सदिश किती पट घेऊन मिळविले असता (५, ५) हा सदिश येईल, असा प्रश्न होतो. उत्तर अनुक्रमे एकपट व दुप्पट. आता (१, २) व (२, ४) हे स्तंभ दिले, तर त्यांच्या सर्व बेरजा एकाच रेषेवर राहतात व (५, ५) मिळत नाही. असे का, याचा शोध घेताना रैखिक परावलंबनाची कल्पना व्याख्येपूर्वीच विद्यार्थ्याच्या मनात रुजते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गिल्बर्ट स्ट्रँग यांनी आपल्या अध्यापनात स्तंभदृष्टीला आरंभीच स्थान दिले.

निर्धारकाच्या बाबतीत मतभेद आहेत. शेल्डन ॲक्सलर यांनी १९९५ मधील लेखात तो विवेचनाच्या अखेरीस आणावा, असे प्रतिपादिले. उलटपक्षी, रूपांतरणाने एकक चौरसाचा समांतरभुज चौकोन कसा होतो हे संगणकाच्या पडद्यावर दाखविल्यास निर्धारकाचा क्षेत्रफळाशी असलेला संबंध प्रत्यक्ष दिसतो. मात्र आकृती दाखविण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून अंदाज वदवून घेणे आवश्यक असते. अन्यथा तो केवळ प्रेक्षक राहतो.

आकृतींचे साहाय्य तीन मितींपर्यंतच पुरते. तथापि दुसऱ्या घातापर्यंतच्या बहुपदींचे अवकलन ३ × ३ आव्यूहाने मांडता येते, हे पाहिल्यावर बाणांचे नियम बहुपदींनाही लागू पडतात, असे ध्यानात येते. या टप्प्यावर दिलेली अमूर्त व्याख्या विद्यार्थ्याला लादलेली वाटत नाही; परिचित उदाहरणांतील समान सूत्र म्हणून तो ती स्वीकारतो.