आधी एक फोन

व्यसनमुक्तीच्या गटांबद्दल मी गेली पंधरा-सोळा वर्षं वाचतो आहे, जमेल तिथे जाऊन बसतो आहे. ‘आमच्या गावात असा गट कुठे मिळेल?’ असं कुणी विचारलं, की मी आधी त्यांना ॲक्रनला घेऊन जातो.

ॲक्रन हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं रबर-टायरचं शहर. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात उतरला होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटला होता, खिसा रिकामा होत आला होता आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. एका बाजूला हॉटेलचा बार, तिथला हसण्या-बोलण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. बिल फोनकडे वळला. एका धर्मगुरूला लावला, त्यांनी दिलेल्या नावांना लावला. मागणं एकच होतं: या गावातला एखादा दारुडा मला भेटवा.

मदत करणारा त्याला नको होता. अडकलेला माणूस हवा होता, कारण दुसऱ्या दारुड्याशी बोलताना आपली तलफ मागे हटते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. या मागण्यापाशी मी दर वेळी थबकतो.

हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंनी ती भेट जुळवली. डॉ. बॉब स्मिथ, गावातले सर्जन. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं बायकोला बजावून ते संध्याकाळी पाचला आले आणि रात्री सव्वाअकराला उठले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता; बिलनं स्वतःचीच कहाणी सांगितली. तरीही पुढे अटलांटिक सिटीला डॉक्टरांच्या अधिवेशनाला गेले तेव्हा ते घसरले. परतल्यावर १० जूनला शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते थांबावेत म्हणून बिलनंच त्यांना एक बिअर दिली. डॉक्टरांची ती शेवटची दारू. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, आपला जन्म त्या दिवसापासून मोजते.

त्या थरथरीवरून एक सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट. किंवा दोन्ही बरोबरच.

बाकी इतिहास थोडक्यात. एएच्या बारा पायऱ्यांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन १९५१ मध्ये उभं राहिलं. मुंबईत फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे देणगी घेऊन पुढे आले होते. मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण नवरा यायला तयार नसला तरी ती येऊ शकते.

आता गट शोधायचा कसा? १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. जवळच्या केंद्राची माहिती तिथे विचारता येते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि व्यसनमुक्ती केंद्रांत बहुधा एएच्या मीटिंगचे वार आणि वेळा ठाऊक असतात. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त पिण्याची समस्या असणाऱ्यांसाठी. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, अट एवढीच की दारू सोडावीशी वाटली पाहिजे. पहिल्या गटात जीव रमला नाही तर दुसरा बघावा. एका गटात वकील-डॉक्टर जास्त असतात, दुसऱ्यात रिक्षावाले आणि गवंडी. कुठे इंग्रजी चालतं, कुठे रांगडी मराठी. आपली लाज ज्या भाषेत बोलता येते त्या भाषेतला गट निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

मी पहिल्यांदा ओपन मीटिंगला गेलो ती शाळेच्या वर्गात होती. बाकांवर पंचवीसेक माणसं, कोपऱ्यात चहाची किटली. तिथलं शेअरिंग बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. मीटिंग संपल्यावरचं मात्र त्या दोघांना विचारून लिहितो आहे. दाराशीच बसलेला, पहिल्यांदाच आलेला तिशीतला माणूस उठून निघाला होता. साठीच्या एका गृहस्थांनी त्याला थांबवलं आणि वहीचं पान फाडून त्यावर पाच-सहा फोन नंबर लिहून दिले.

“पहिला ग्लास भरण्याआधी यातला एक लावा. रात्री दोनला लावलात तरी चालेल.”

“तुमची झोपमोड कशाला, काका?”

“अहो, तुमचा फोन आला तर माझीही ती रात्र निघेल. एकोणीस वर्षं झाली सोडून, पण काही रात्री अजून लांबतात.”

त्यानं कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, वरून एकदा हात फिरवला आणि पुढची मीटिंग कोणत्या वारी असते ते विचारलं. गुरुवारी, साडेसातला, याच वर्गात.