कामांचे वार आणि संगणकावरील नियोजन

आमच्या बेळगावात रविवार पेठ आहे, शनिवार खूट आहे. पुण्यास तर सातही वारांच्या पेठा आहेत. व्यापाऱ्याच्या कामाचे तारखेहून वाराशी नाते अधिक जवळचे, हे या नावांवरूनच दिसून यावे. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. ती तारीख पाच असो वा पंचवीस, आमची गाडी गुरुवारी भरली गेलीच पाहिजे. बारदानवाला मंगळवारी येतो आणि शनिवारी वसुलीस निघावयाचे असते. यांतील एकही काम दुसऱ्यावर अवलंबून नाही. प्रत्येकाचा वार मात्र ठरलेला आहे.

२०२३ साली आम्ही जुने गोदाम सोडून नव्यात जाण्याचे ठरविले. दुकान चालू ठेवूनच हे करावयाचे होते, म्हणून सूनबाईने सर्व कामे संगणकावर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्रणालीत मांडावयास घेतली. पहिल्याच दिवशी मौज झाली. वसुली, बारदान, म्हापशाची गाडी, सारीच कामे आरंभाच्या एकाच सोमवारी येऊन बसली! ज्या कामामागे दुसरे काम जोडलेले नाही, ते शक्य तितक्या लवकर, म्हणजे आरंभदिनीच सुरू करावे, असा त्या यंत्राचा स्वभाव आहे.

आमच्या मुनीमजींनी उपाय सुचविला, की कामे एकापाठोपाठ एक साखळीने जोडावीत. म्हणजे ती आपोआप पुढील वारी जातील. तसे केले. परंतु एका मंगळवारी बारदान दोन दिवस उशिरा आले, तो कागदावर म्हापशाची गाडीही शनिवारी जाऊन पडली. वास्तविक बारदानाचा त्या गाडीशी कवडीचाही संबंध नव्हता. नसलेले नाते कागदावर जोडले की एकाचा उशीर साऱ्यांस भोवतो. त्यावर प्रत्येक काम ठराविक तारखेस खिळवून पाहिले. पण आरंभाची तारीख आठवडाभर पुढे ढकलताच खिळलेली कामे जुन्या तारखांवरच राहिली.

शेवटी सूनबाई म्हणाली, "मामंजी, कामाला तारीख नको, वार द्या." ती रीत अशी. ‘चेंज वर्किंग टाइम’ येथे जाऊन ‘गुरुवार’ नावाचे नवे कॅलेंडर करावे आणि ‘वर्क वीक्स’मध्ये गुरुवार वगळून बाकी सहा दिवस बिनकामाचे ठरवावेत. मग त्या कामाच्या ‘टास्क इन्फर्मेशन’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर तेच कॅलेंडर निवडावे. काम स्वयंचलित नियोजनावर असले पाहिजे. २०१० च्या आवृत्तीपासून नवे काम मुळात तसे नसते, हे ध्यानात ठेवावे. हमालांच्या टोळीचे स्वतंत्र कॅलेंडर लावले असेल तर दोहोंत कामाचा वेळ सामाईक हवा, नाहीतर यंत्र तशी सूचना देते. एवढे केले की आरंभ कितीही हलवा, काम पुढच्या गुरुवारीच जाऊन बसते. शेजारचे काम रखडले तरी ते जागचे हलत नाही. तेच काम दर आठवड्यास यावयाचे असेल तर ‘रिकरिंग टास्क’ची सोय निराळी आहे.

आता आमची चूक सांगतो, कारण ती आम्हांस महाग पडली. ‘गुरुवार’ हे कॅलेंडर मूळ कॅलेंडरची नक्कल करून केले होते. सणांच्या सुट्या आम्ही मागाहून भरल्या, त्याही मूळ कॅलेंडरमध्येच. नक्कल एकदा झाली की मुळातील पुढचे बदल तिच्यात उतरत नाहीत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला, नेमकी गुरुवारी आली. छापील तक्ता पाहून आम्ही महिनाभर आधीच म्हापशाच्या जुन्या गिऱ्हाइकास माल शुक्रवारी पोचेल असा शब्द दिला होता. त्या दिवशी आमचे दुकान बंद, हमाल विसर्जनाला गेलेले, गाडी भरणार कोण? गहू आणि डाळ त्यांनी दुसरीकडून घेतली, आणि पुढे काही महिने त्यांची मागणी निम्म्यावरच राहिली. यंत्रास दोष देऊन काय उपयोग? तिथी त्याला कळत नाही, ती आपणच सांगावयाची असते. आपल्या सभासदांना अष्टमी-चतुर्दशी पाळावयाच्या असतात, त्यांनी तर ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

दुसरी एक गोष्ट धुरीची. परवानाधारक माणूस मंगळवारी येऊन ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून जाई आणि गोदाम सात दिवस बंद ठेवावयास सांगे. आम्ही सात दिवसांचे एकच काम ‘मंगळवार’ कॅलेंडरवर टाकले. यंत्राने सात मंगळवार मोजले आणि गोदाम जवळजवळ दीड महिना बंद दाखविले! वायू रविवार पाळीत नाही, रात्रही पाळीत नाही. अशा वेळी दोन कामे करावीत. गोळ्या ठेवणे हे मंगळवारचे एका दिवसाचे काम. वायूचे काम त्यास जोडावे आणि त्याची मुदत ‘इलॅप्स्ड’ दिवसांत लिहावी. मग यंत्र कॅलेंडर बाजूस ठेवून सलग अहोरात्र मोजते. येथे जोडणी खरी आहे, कारण गोळ्यांस उशीर झाला तर दारही तितकेच उशिरा उघडले पाहिजे. नाहीतर गाठ हमालांच्या जिवाशी आहे.

सध्या आमच्याकडे मंगळवार, गुरुवार व शनिवार अशी तीन कॅलेंडरे आहेत. नवे पंचांग हाती आले की सूनबाई तिन्हींत सुट्या वेगवेगळ्या भरते आणि आम्ही चष्मा लावून तिच्या शेजारी तिथ्या वाचीत बसतो.